टर्मिनलवरचा हिशेब : ग्नू बीसी आणि त्यातील व्हेरिएबल्स

आमच्या 36 सदनिकांच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेचा खजिनदार म्हणून गेली चार वर्षे मी महिन्याचे बरेचसे किरकोळ हिशेब 'बीसी' नावाच्या एका लहानशा प्रोग्रॅमवर करत आलो आहे. लेखापरीक्षकांकडे जाणारे अधिकृत हिशेब अर्थातच स्प्रेडशीटमध्ये आणि संस्थेच्या वह्यांमध्ये राहतात. परंतु कोणाच्या थकबाकीवर किती व्याज झाले, टँकरचा खर्च प्रत्येकी किती आला, लिफ्टच्या देखभालीचा करार वर्षाचा करावा की तीन वर्षांचा, असे प्रश्न समितीच्या बैठकीत अचानक पुढे येतात, आणि त्या वेळी फाइल उघडून रकाने शोधत बसण्यापेक्षा टर्मिनलवर, म्हणजे संगणकाला आज्ञा टाइप करून देण्याच्या खिडकीत, दोन ओळी लिहिणे मला सोपे वाटते. हा प्रोग्रॅम मोफत आहे, उबुंटू आणि डेबियन या लिनक्स प्रणालींवर त्याच नावाच्या पॅकेजमध्ये मिळतो, आणि अगदी जुन्या लॅपटॉपवरही बटण दाबताक्षणी सुरू होतो. मी येथे परीक्षण करत आहे ते ग्नू या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पाच्या बीसीचे, 2017 साली आलेल्या 1.07.1 या आवृत्तीचे. आणि त्यातही मुख्यतः एका गोष्टीचे, ती म्हणजे आकड्यांना नावे देण्याची, अर्थात व्हेरिएबलची सोय. साधी बेरीज-वजाबाकी कोणतेही कॅल्क्युलेटर करते. रोजच्या वापरात त्याच्यावर किती भिस्त ठेवता येईल हे मात्र, माझ्या अनुभवानुसार, ते नावांशी कसे वागते यावर ठरते.

या प्रोग्रॅमची कुळकथा थोडी सांगितली पाहिजे, कारण त्याच्या आजच्या सवयी तिथून आलेल्या आहेत. बेल लॅबोरेटरीजमध्ये रॉबर्ट मॉरिस आणि लॉरिंडा चेरी यांनी लिहिलेला 'डीसी' हा युनिक्स या संगणक प्रणालीवरील सर्वांत जुन्या प्रोग्रॅमांपैकी एक आहे. त्यात आकडे आधी आणि चिन्ह नंतर लिहावे लागते, म्हणजे दोन, तीन आणि मग अधिक. आणि एखादा आकडा बाजूला ठेवायचा असेल तर तो एकाक्षरी नावाच्या रजिस्टरमध्ये टाकावा लागतो. ही पद्धत सर्वांच्या पचनी पडणारी नव्हती, म्हणून चेरी यांनी आपण शाळेत लिहितो तशी समीकरणे स्वीकारून ती डीसीच्या भाषेत उतरवणारा बीसी लिहिला, आणि तो 1975 च्या सहाव्या आवृत्तीच्या युनिक्ससोबत बाहेर आला. त्या बीसीमध्ये व्हेरिएबलचे नाव म्हणजे इंग्रजी लहान लिपीतील एकच अक्षर असे, आणि पॉझिक्स या युनिक्ससारख्या प्रणालींसाठीच्या प्रमाणकातही आजवर तेवढेच बंधनकारक आहे. ग्नूसाठी फिलिप नेल्सन यांनी लिहिलेल्या बीसीने मात्र लांब नावांना परवानगी दिली: पहिले अक्षर लहान लिपीतील असावे, पुढे लहान अक्षरे, अंक आणि अधोरेखा चालतात. वाचायला ही सुधारणा क्षुल्लक वाटेल. परंतु थकबाकीला नुसते 'टी' आणि टँकरलाही 'टी' म्हणण्याची वेळ ज्याच्यावर आली आहे, त्याला तिचे मोल कळेल.

वापरण्याची रीत अगदी सरळ आहे. थकबाकी = 8400 अशी ओळ लिहून एंटर दाबले की तो आकडा त्या नावाखाली राहतो, आणि प्रोग्रॅम बंद करेपर्यंत कोठेही ते नाव लिहिले की त्या जागी आकडा घेतला जातो. (येथे मी नावे देवनागरीत लिहीत आहे ती वाचण्याच्या सोयीसाठी, प्रत्यक्षात ती रोमन लिपीत लिहावी लागतात, कारण देवनागरी अक्षर दिसले की बीसी ते अवैध म्हणून नाकारतो.) किंमत ठेवणारी ओळ स्वतः काहीही छापत नाही, हे नव्या माणसाला गोंधळात टाकते, आपण लिहिलेले पोचले की नाही, असा प्रश्न पडतो. तीच ओळ कंसात घातली तर किंमत ठेवलीही जाते आणि छापलीही जाते. मला ही युक्ती बऱ्याच उशिरा कळली, आणि तेव्हापासून महत्त्वाचा आकडा मी कंसाशिवाय कधीच ठेवत नाही. याशिवाय 'लास्ट' नावाचे एक तयार व्हेरिएबल आहे, ज्यात शेवटी छापलेला आकडा असतो, आणि त्याऐवजी नुसता एक टिंब दिला तरी चालतो. आधीच्या उत्तराला 36 ने भागायचे असेल तर टिंब, भागाकाराचे चिन्ह आणि 36, एवढेच पुरते. ही सोय हाताला अशी बसते की नंतर दुसऱ्या कोणत्याही कॅल्क्युलेटरवर तिची उणीव जाणवते.

आता 'स्केल'विषयी थोडे विस्ताराने, कारण बीसी वापरून पाहून सोडून देणाऱ्यांपैकी अनेक जण इथेच अडखळत असावेत, असे मला वाटते. स्केल हेही एक व्हेरिएबलच आहे; भागाकारात दशांश चिन्हापुढे किती स्थळे ठेवायची हे त्यावरून ठरते, आणि प्रोग्रॅम नुसता सुरू केला तर त्याची किंमत शून्य असते. म्हणजे सात भागिले दोन याचे उत्तर तीन येते. सुरू करतानाच 'एल' हा पर्याय दिला तर स्केल 20 होते आणि साइन, कोसाइन, लॉगरिदम यांसारखी फंक्शन्सही हाताशी येतात. रुपये-पैशांचे हिशेब करायचे म्हणून स्केल दोन ठेवावे, हा विचार कोणाच्याही मनात सहज येईल, आणि तोच घातक ठरतो. आमच्या संस्थेच्या उपविधींनुसार थकबाकीवर दरसाल 21 टक्के सरळ व्याज आहे. आठ हजार चारशे रुपये पाच महिने थकले असतील तर व्याज 735 रुपये होते. आता स्केल दोन ठेवून आधी मासिक दर काढला, म्हणजे 21 ला 1200 ने भागले, तर खरे उत्तर 0.0175 असताना बीसी केवळ 0.01 ठेवतो, आणि त्या दराने पाच महिन्यांचे व्याज 420 रुपये येते. तब्बल 315 रुपयांचा फरक, आणि पडद्यावर दिसते ते 420.00, अगदी नीटनेटके, दोन शून्यांसह. हाच हिशेब सर्व गुणाकार आधी आणि भागाकार शेवटी अशा क्रमाने केला तर स्केल कितीही असले तरी 735 च येतात. दुसरी गोष्ट अशी की, एकदा मासिक दराच्या नावाखाली 0.01 बसले की नंतर स्केल वाढवून उपयोग होत नाही. त्या नावाजवळ आकडा असतो, तो कसा काढला याची आठवण नसते. स्प्रेडशीटची सवय असलेल्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे, कारण तिथे एका रकान्यातला दर बदलला की त्यावर अवलंबून असलेले सर्व आकडे आपोआप बदलतात, तर इथे दर बदलल्यावर व्याजाची ओळ पुन्हा लिहावी लागते.

भागाकारात बीसी जवळच्या अंकाकडे वळत नाही, पुढचे अंक सरळ तोडतो. टँकरचे 13,200 रुपये 36 घरांत वाटले आणि स्केल दोन असेल तर प्रत्येकी 366.66 येतात, 366.67 नव्हे, आणि पुन्हा 36 ने गुणले तर 13,199.76 भरतात. चोवीस पैशांनी कोणाचे काही बिघडत नाही, परंतु ताळेबंद जुळवताना हेच चोवीस पैसे अर्धा तास खातात. त्यासाठी मी एक लहान फंक्शन, म्हणजे नावाने बोलावता येणारा तयार हिशेब, लिहून ठेवले आहे, जे रकमेत अर्धा रुपया मिळवते, स्केल शून्य करून एकाने भागते आणि मग स्केल पूर्ववत करते. ही रीत धन रकमांपुरतीच बरोबर आहे, हेही नोंदवून ठेवतो.

एवढ्या गोष्टी समजून घेतल्या की बीसीचे अंकगणित अत्यंत भरवशाचे आहे. आकडे कितीही मोठे असोत, तो ते दशमान पद्धतीनेच सांभाळतो, त्यामुळे 0.1 आणि 0.2 यांची बेरीज 0.3 च येते, तर पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत तीच बेरीज 0.30000000000000004 अशी दिसते. पैशांच्या हिशेबात हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. गेल्या वर्षी एका सभासदाने गृहकर्जाचा हप्ता काढून मागितला तेव्हा 25 लाख मुद्दल, साडेआठ टक्के दर आणि 240 महिने हे आकडे नावांखाली ठेवून, 'एल' पर्यायासह, मी 21,695.58 हा हप्ता काढला, आणि तो त्याच्याजवळच्या तक्त्याशी पैशापर्यंत जुळला. मग दर नऊ टक्के केला तर काय, असे त्याने विचारले. दराची एक ओळ बदलली, बाण दाबून सूत्राची ओळ परत आणली, आणि 22,493 रुपये पुढ्यात आले. व्हेरिएबल कशासाठी हवे याचे यापेक्षा चांगले उत्तर मला देता येणार नाही: प्रश्न बदलला तरी हिशेब तोच राहतो.

माझी खरी तक्रार मात्र या सगळ्यापलीकडची आहे, आणि ती मी मनापासून करत आहे. बीसीला एखादे नाव माहीतच नसेल, म्हणजे त्या नावाला आपण कधीच किंमत दिलेली नसेल, तर तो काहीही न बोलता तिथे शून्य धरतो. चूक दाखवत नाही, सूचना देत नाही, पडद्यावर एक अक्षर उमटत नाही.

मराठी माणसाला हा स्वभाव अधिकच महागात पडतो, असे माझे मत आहे. नावे रोमन लिपीत लिहायची आणि शब्द मात्र आपले, असा प्रकार असतो. आणि रोमन लिपीत मराठी शब्दांचे ठरलेले स्पेलिंग नाही. 'व्याज' कोणी एका 'ए'ने लिहितो, कोणी दोन. 'देय' शेवटी 'वाय' घेतो की 'वायए', हे त्या दिवशीच्या हातावर अवलंबून असते. गेल्या वर्षीच्या मार्चअखेरीस थकबाकीदारांना पत्रे पाठवायची होती. वर उदाहरणात घेतलेली आठ हजार चारशेंची थकबाकी ज्या सभासदाची होती, त्याचे व्याज मी काढले, ते 735 बरोबर आले, आणि मी ते दोन 'ए' असलेल्या नावाखाली ठेवले. पुढच्या ओळीत एकूण देय म्हणून थकबाकी अधिक व्याज असे लिहिताना हातून एकच 'ए' पडला. उत्तर आले 8400. रात्रीचे अकरा वाजून गेले होते, आणखी सात पत्रे बाकी होती, आकडा ओळखीचा होता, म्हणून मी तो जसाच्या तसा पत्रात उतरवला आणि छापून सचिवांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी सकाळी सहीसाठी पत्र उचलले आणि लगेच फोन केला.

"अहो, यात व्याज कुठं गेलं?"

"व्याज धरलंय की. पाच महिन्यांचं."

"मग आठ हजार चारशेच कसे? मुद्दलच तेवढं आहे."

पत्र गेले असते तर 9,135 ऐवजी 8,400 ची मागणी संस्थेच्या शिक्क्यानिशी बाहेर पडली असती, आणि नंतर वाढीव रकमेचे दुसरे पत्र पाठवणे म्हणजे त्या सभासदाला वाद घालायला आयते निमित्त देणे झाले असते. चूक माझ्या हाताची होती, हे मी मान्य करतो. परंतु हिशेबाच्या साधनाचे काम असते ते अशा वेळी हात धरण्याचे. शून्य हा हिशेबात एक खरा आकडा आहे; 'व्याज शून्य आहे' आणि 'व्याज म्हणजे काय ते मला सांगितलेलेच नाही' या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बीसी त्यांच्यात भेद करत नाही. गुणाकारात शून्य शिरले तर निदान संपूर्ण उत्तर शून्य होऊन संशय तरी येतो, भागाकारात शिरले तर शून्याने भागल्याची तक्रार तरी येते. बेरजेत शिरलेले शून्य मात्र कोठेच खुणा सोडत नाही.

येथे ग्नूच्या बीसीला एकट्याला दोष देणे न्याय्य होणार नाही, कारण किंमत न दिलेल्या नावाचे मूल्य शून्य धरावे असे पॉझिक्स प्रमाणकातच लिहिलेले आहे. एकाक्षरी 26 नावांच्या काळात ते समजण्यासारखेही होते: 26 कप्पे आधीपासून तयार, सर्वांत शून्य, चुकीचे नाव लिहिण्याला फारसा वावच नाही. लांब नावे आली त्याच दिवशी ही समजूत जुनी झाली, आणि कप्प्यांचा नियम मात्र तसाच राहिला. हे अपरिहार्य होते असेही नाही. ब्रायन कर्निघन आणि रॉब पाइक यांनी 1984 साली टप्प्याटप्प्याने रचून दाखवलेला 'हॉक' हा कॅल्क्युलेटर पाहावा. त्याच्या दुसऱ्या टप्प्यात अशीच 26 एकाक्षरी व्हेरिएबल्स आहेत. तिसऱ्या टप्प्यात लांब नावे येतात आणि त्यांच्यासाठी नावांची एक नोंदवही ठेवली जाते. तिथे प्रत्येक नव्या नावाची नोंद 'अजून किंमत नाही' अशा शिक्क्यासह होते, आणि तसे नाव हिशेबात वापरले की प्रोग्रॅम त्या नावानिशी तक्रार करून थांबतो. म्हणजे हा प्रश्न कोणाला तरी चाळीस वर्षांपूर्वीच दिसला होता, आणि त्याचे उत्तर काही ओळींत बसत होते. पायथॉनही अनोळखी नावावर थांबतो, आणि तिसऱ्या आवृत्तीपासून व्हेरिएबलची नावे देवनागरीतही स्वीकारतो, हे त्याच्या बाजूने सांगितलेच पाहिजे. 'व्याज' हे नाव तिथे 'व्याज' असेच लिहिता येते. दशमान अंकगणिताचा प्रश्न नसता तर मी केव्हाच तिकडे गेलो असतो. पायथॉनमध्ये दशमान आकड्यांसाठी वेगळी सोय आहे हे मला माहीत आहे, परंतु प्रत्येक आकडा तिच्यात गुंडाळून लिहायचा म्हणजे भर बैठकीत दोन ओळींचे काम पाच ओळींचे होते.

बीसीमध्ये आणखी एक उणीव याच जातीची आहे: सध्या कोणती नावे वापरात आहेत आणि त्यांच्या किमती काय, हे दाखवणारी आज्ञाच नाही. अर्ध्या तासाच्या हिशेबानंतर आपण काय काय ठेवले हे वर सरकत जाऊन शोधावे लागते. दोन ओळींची अशी यादी मिळाली असती तर एका 'ए'चे आणि दोन 'ए'चे व्याज तिथेच एकाखाली एक दिसले असते.

फंक्शनची सोय चांगली आहे, पण तिथेही नावांबाबत सावध राहावे लागते. फंक्शनच्या आत वापरलेले व्हेरिएबल 'ऑटो' म्हणून जाहीर केले नाही, तर ते बाहेरचेच समजले जाते आणि बाहेरची किंमत पुसली जाते. माझ्या टँकरच्या फंक्शनने असेच एकदा बाहेरचे 'एकूण' बदलले होते. शिवाय ऑटो व्हेरिएबल इतर भाषांतल्याप्रमाणे पूर्णपणे खाजगी नसते. त्या फंक्शनने दुसऱ्या फंक्शनला बोलावले, तर दुसऱ्याला पहिल्याचे ऑटो व्हेरिएबल त्याच नावाने दिसते. कागदपत्रांत हे स्पष्ट लिहिलेले आहे, परंतु ते वाचण्याआधीच बहुतेकांना त्याचा अनुभव आलेला असतो.

अंकपद्धती ठरवणारी दोन व्हेरिएबल्स संस्थेच्या कामात लागत नाहीत, म्हणून एवढेच सांगतो की 'आयबेस' 16 केल्यावर परत दहावर येण्यासाठी 10 लिहून उपयोग नाही, कारण तो दहा आता सोळाच्या पद्धतीने वाचला जातो. तिथे मोठ्या लिपीतील 'ए' लिहावा लागतो, कारण सोळाच्या पद्धतीत दहासाठी तोच अंक आहे. मोठी अक्षरे अंक म्हणून राखीव असल्यामुळेच व्हेरिएबलचे नाव मोठ्या लिपीत चालत नाही.

एवढे सगळे असूनही मी बीसी सोडलेला नाही, आणि ज्यांना टर्मिनलची सवय आहे अशा खजिनदारांना, हिशेबनिसांना आणि विद्यार्थ्यांना तो वापरून पाहण्याचा आग्रहही करतो. फक्त नावे प्रत्येक वेळी हाताने लिहिणे मी थांबवले आहे. बीसीला सुरू करताना एखाद्या फाइलचे नाव दिले तर तो आधी ती फाइल वाचतो आणि मग आपल्या ओळींची वाट पाहतो. प्रोग्रॅम बंद केल्यावर व्हेरिएबल्स पुसली जातात, या अडचणीवरही हाच उपाय आहे. माझ्या फाइलमध्ये वर सदनिकांची संख्या, व्याजाचा दर, मासिक देखभाल शुल्क आणि सिंकिंग फंडाची टक्केवारी आहे. त्याखाली व्याजाचे, रुपयापर्यंत पूर्ण करण्याचे आणि एकूण देय काढण्याचे अशी तीन फंक्शन्स आहेत, म्हणजे पत्र लिहिताना मला थकबाकी आणि महिने हे दोन आकडेच द्यावे लागतात आणि व्याजाचे नाव लिहिण्याचा प्रसंगच येत नाही. सर्वांत शेवटी, यादीची आज्ञा नाही म्हणून, प्रत्येक व्हेरिएबल त्याच्या नावासह छापणाऱ्या ओळी आहेत. टर्मिनल उघडले की त्या चार ओळी आधी उमटतात; सचिव शेजारी बसलेले असले तर ते मोठ्याने वाचतात, मी वहीशी ताडून पाहतो, आणि मग आम्ही पहिल्या थकबाकीदाराचे नाव घेतो.